जावईबापूंची सासू

जर्मनीतल्या नेकारसुल्मला राहायला गेले तेव्हा पहिल्याच आठवड्यात माझी पक्की समजूत झाली, की घरमालकीणबाईंचा जावई एक नंबरचा नालायक माणूस असणार. मी खालच्या आइनलीगरवोनुंगमध्ये, म्हणजे त्यांच्याच घराला जोडलेल्या दीड खोल्यांत, आणि त्या वर. लाकडी जमिनीतून वरचं सगळं बोलणं खाली झिरपायचं.

"अहो जावईबापू, या बघू पलंगाखालनं बाहेर! परवापासनं माझा मोजा तुमच्याकडं आहे." मग धप्प असा आवाज. मग, "चावायचं न्हाई हं. सासूला चावतात होय?"

मी चिंचवडची. दिवसभर कारच्या दरवाज्यांच्या बिजागऱ्या तपासून घरी यायचे आणि चहा पिता पिता हे ऐकायचे. एकदा तर त्या मिरजेच्या बहिणीला फोन स्पीकरवर टाकून शांतपणे सांगत होत्या, "जावई पुन्हा माझ्या चपलेत मुतले गं. पण आज जेवले चांगले." आणि पलीकडून बहीणही काही धक्का बसल्यासारखं बोलत नव्हती. मला त्या न पाहिलेल्या मुलीची दया यायला लागली.

शनिवारी अनमेल्डुंगच्या, म्हणजे पत्त्याच्या नोंदणीच्या, कागदावर त्यांची सही घ्यायला वर गेले. उगाच काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "मावशी, जावई आहेत का घरात?"

"आहेत की. झोपलेत. बघायचेत?"

मी नको नको म्हणेपर्यंत त्यांनी कपाटाचं दार उघडलं. आत इरकली खणाची एक छोटी झोळी टांगलेली होती. झोळीच्या एका टोकाला शेपूट लोंबत होतं आणि दुसऱ्या टोकाला मिशा असलेलं, तोंड उघडं टाकून घोरणारं एक डोकं. चोरासारखा काळा पट्टा डोळ्यांवर. अंग एवढं लांब, की मधला भाग कुणीतरी नंतर जोडून दिला असावा.

"हे आमचे जावई," त्या म्हणाल्या. "वरच्या झोळीत थोरली आणि धाकटी आहेत."

तीन फेरेट. जर्मनीत त्यांना फ्रेटशेन म्हणतात. दिसायला आपल्या मुंगसासारखे, पण कूळ वेगळं. नाव जावई का, तर खाणं, झोपणं आणि रुसणं याखेरीज चौथं काम माहीत नाही, आणि तरी घरातल्या दोन्ही पोरी सतत त्याच्या मागंपुढं. "ऑपरेशन झालंय त्याचं," मावशींनी आवाज खाली आणून सांगितलं. "म्हणजे नावाचाच जावई. पण त्याच्यासमोर बोलायचं न्हाई."

खरं तर मला घर बघायला आले तेव्हाच कळायला हवं होतं. मी जाडजूड फाइल घेऊन गेले होते. शूफाचा, म्हणजे कुणाची उधारी थकली नसल्याचा, दाखला, नोकरीचं पत्र, आधीच्या घरमालकाची शिफारस. त्यांनी फाइल न उघडता बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "तोंड उघड." मी उघडलं. बाईंनी चाळीस वर्षं इथल्या एका प्रयोगशाळेत लोकांचे नकली दात बनवले होते. नवरा गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर होता, तो गेल्यावर आणि स्वतः निवृत्त झाल्यावरही ही सवय सुटली नव्हती. "खालची डावी दाढ दाखवून घे," असं म्हणून त्यांनी एक तपकिरी, वळवळणारा प्राणी माझ्या मांडीवर ठेवला आणि घड्याळाकडे बघत बसल्या. ती थोरली होती. तिनं माझा हात हुंगला, कोपर हुंगलं, पर्समध्ये शिरली आणि माझा केसांचा क्लिप तोंडात धरून सोफ्याखाली पसार झाली.

"गेनाऊ! बरोब्बर!" मावशी उठून उभ्या राहिल्या. "घर तुझं. तुझ्याआधी एक बॉनहून आला होता. त्याचं तिनं काही उचललं न्हाई. मी त्याला नको म्हणून सांगितलं."

क्लिप मला कधीच परत मिळाला नाही. सोफ्याच्या पोटात त्यांचा खजिना होता, आणि दर महिन्याला सोफा उलटा करून मावशी त्याची पाहणी करायच्या. चमचे, मोजे, खोडरबर, एकदा माझं ऑफिसचं ओळखपत्र. रबर मात्र दिसलं की मावशींचा चेहरा बदलायचा. फेरेटला रबर चघळायला भारी आवडतं, आणि तुकडा गिळला तर आतड्यात अडकून जीव जातो. म्हणून घरात रबरी काही ठेवायचं नाही. माझ्या स्लिपरचे तळवेसुद्धा त्यांनी दाताखाली धरून तपासले होते. स्वतःच्या दाताखाली.

बाई कट्टर शाकाहारी. घरात अंडं शिजलेलं नाही. आणि तळघरातल्या फ्रीजरमध्ये एका दिवसाची, गोठवलेली, पिवळी कोंबडीची पिल्लं ओळीनं रचलेली. फेरेटला मांसाशिवाय दुसरं काही पचत नाही. माझी आई दोन महिने राहायला आली होती, तेव्हा मी तिला म्हटलं, "मावशींच्या फ्रीजरमध्ये मटार आहेत, घेऊन ये." आई रिकाम्या हातानं वर आली, खुर्चीवर बसली आणि पाणी मागितलं. मग मावशींकडे जाऊन तिनं जरा धीर करून विचारलं, "अहो, तुम्ही तर एकादशी करता ना?"

"करते की," मावशी म्हणाल्या. "मी करते. ते करत न्हाईत. दुसऱ्याच्या धर्मात मी हात घालत न्हाई." आणि वेगळ्या चिमट्यानं, वेगळ्या ताटलीत, तीन पिल्लं वाढून त्या हात धुऊन पूजेला बसल्या. आईला ते इतकं पटलं, की जाईपर्यंत ती रोज सकाळी स्वतः वर जाऊन, डोळे मिटून, चिमट्यानं पिल्लं वाढत असे.

कपडे धुवायच्या मशीनवर मराठीत पाटी होती: तीन मोजल्याशिवाय बटण दाबू नये. ओव्हनवर तीच. सोफ्यावर बसण्याआधी सुद्धा मोजणी. तिघांचे निळे युरोपियन पासपोर्ट, त्यांत लसींच्या नोंदी, देवघराच्या खणात. "मला या देशाचा पासपोर्ट मिळायला सव्वीस वर्षं लागली," त्या म्हणायच्या. "जावयाला बारा आठवड्यांत मिळाला. लग्नाचं स्थळ चांगलं असलं की असं होतं."

मी प्रथमच त्यांची राखण केली तो दिवस मी विसरणार नाही. दर बुधवारी दुपारी मावशी पोहण्याच्या तलावावर म्हाताऱ्यांच्या पाण्यातल्या व्यायामाला जायच्या. माझं त्या दिवशी घरून काम होतं. मोजणी करायला वर गेले. थोरली, धाकटी ठीक. जावई झोळीत. हात लावला, हलला नाही. उचललं, तर चिंधीसारखा लोंबला. मान एकीकडे, जीभ बाहेर. हलवलं, हाक मारली, टाळ्या वाजवल्या. काही नाही.

माझ्या हातात मावशींचा जावई मेला होता.

टॉवेलात गुंडाळून मी सायकल काढली. रडत रडत तलावावर पोचले. तिकिटाच्या खिडकीवरची बाई म्हणाली, "प्राण्यांना आत परवानगी नाही."

"तो मेलाय!" मी ओरडले.

"मेलेला असेल तर मुळीच नाही."

मी फिरत्या दांड्यावरून उडी मारून आत गेले. मावशी छातीभर पाण्यात, डोक्याला फुलांची टोपी, बाजूला दहा-बारा आज्या, सगळ्यांच्या हातात फोमच्या रंगीत काठ्या. मी टॉवेल उघडून काठावर गुडघे टेकले. "मावशी, जावई गेले हो!"

मावशींनी काठी खाली केली नाही. "ओरडू नकोस. झोपलाय तो. गाढ झोपला की असाच मरतो. नाकात फुंकर मार."

मी फुंकर मारली. जावयानं एक डोळा उघडला, जांभई दिली, शिंकला, आणि काय झालं कुणास ठाऊक, त्याला एकदम प्रचंड आनंद झाला. आनंद झाला की फेरेट नाचतो. पाठीची कमान करून, तोंड उघडं टाकून, आडवा आडवा उड्या मारत, घशातून गुकगुकगुक आवाज काढत. ओल्या फरशीवर घसरत, आपटत, पुन्हा उड्या मारत तो तलावाच्या कडेनं नाचत सुटला. आज्या किंचाळल्या, मग हसायला लागल्या, एकीनं काठी हलवून ताल धरला. आणि मग त्याला बाकावर कुणाचीतरी रबरी टोपी दिसली.

एक्काहत्तर वर्षांची, दोन्ही गुडघे दुखणारी बाई तलावातून शिडीशिवाय बाहेर आलेली मी पाहिली आहे. मावशी सरळ काठावरून वर आल्या, ओल्या पायांनी धावल्या, आणि त्याच्या दातांत टोपी जाते न जाते तोच त्यांनी मानेची कातडी धरून त्याला उचललं. टोपी सगळ्या बाजूंनी तपासली. एकही तुकडा निघालेला नव्हता. मग त्याला छातीशी धरून म्हणाल्या, "लाज आहे का? परक्या बायकांत?"

आम्हा दोघींना आणि जावयाला महिनाभर तलावावर बंदी होती. पण तेवढ्या महिनाभर त्यातल्या चार आज्या दर बुधवारी आमच्याकडे कॉफीला आल्या, त्याला बघायला.

घर जोडघर होतं. अर्धं मावशींचं, मधे एक भिंत, पलीकडचं अर्धं एका निवृत्त जर्मन गृहस्थाचं. मावशी त्यांना हेर नाखबार म्हणायच्या, म्हणजे शेजारी साहेब. नऊ वर्षं दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. भांडण पत्रांतून चालायचं. दुपारी एक ते तीन या शांततेच्या वेळेत भिंतीपलीकडून उड्यांचे आवाज येतात, असं त्यांनी टपालपेटीत पत्र टाकलं. मावशींनी उत्तर टाकलं, की हे प्राणी दिवसातले अठरा तास झोपतात, सोबत वेळापत्रक जोडले आहे. तेव्हापासून दर महिन्याच्या एक तारखेला त्या नवीन वेळापत्रक त्यांच्या पेटीत टाकत. हेर नाखबार चिडके होते, हे खरंच. पोस्टमनवर, पक्ष्यांवर, स्वतःच्या झाडावर. तोंड सतत आवळलेलं.

गेल्या वर्षी आमच्याकडे ग्लासफासर, म्हणजे वेगवान इंटरनेटची तार यायची होती. तंत्रज्ञ तीनदा येऊन परत गेला होता. बागेतल्या पेटीपासून तळघरापर्यंत जमिनीखालून जुनी रिकामी नळी होती, पण तिच्या वळणावर त्याची सळई अडायची. चौथ्या वेळी तो, पन्नाशीचा, भला दांडगा माणूस, घाम पुसत म्हणाला, "आता खोदकामाची परवानगी. पुढची वेळ तीन महिन्यांनी." मी खिडकीत मोबाइल टांगून मीटिंगा करत होते. मला रडू यायला लागलं.

"नळी कोरडी आहे?" मावशींनी विचारलं. "हवा पलीकडं जाते?"

त्यानं हवा मारली. तळघरात धूळ उडाली.

"मग थांबा." त्या वर गेल्या आणि जावयाला पट्टा घालून घेऊन आल्या.

तंत्रज्ञ मागे सरला. "हे नियमात बसत नाही."

"आल्झो, मग फ्रेटशेन नको असं कुठं लिहिलंय, दाखवा." त्यानं खरंच टॅबलेटवर शोधलं. पाच मिनिटं शोधलं. नव्हतं लिहिलेलं.

मी म्हटलं, "थोरलीला पाठवा ना, ती हुशार आहे."

"थोरली विचार करते. पाइपात विचार करणारं माणूस कामाचं न्हाई." पट्ट्याला त्यांनी कच्चा दोरा बांधला, हातानं ओढून तोडून बघितला आणि पुन्हा बांधला. "अडकलं तर दोरा तुटला पाहिजे. जावई न्हाई." मग मला तळघरात उभं केलं, हातात सॅमन माशाच्या तेलाची बाटली. त्या तेलासाठी जावयानं जगाच्या टोकाला जावं.

जावई नळीत शिरला. वरून मावशी ओरडून दोरा मोजत होत्या. दोन मीटर. पाच. आठ. तंत्रज्ञही मोजायला लागला होता, आनंदानं. बारा मीटरवर तळघर. दहाव्या मीटरला दोरा थांबला.

पाच मिनिटं. दहा. मी तेलाचे थेंब नळीच्या तोंडाला लावून हाका मारत होते. वीस मिनिटांनी वर आले, तर मावशी बागेत पालथ्या पडून नळीत तोंड घालून बोलत होत्या. "अहो, या ना बाहेर. रुसू नका. रागावणार न्हाई मी." मग आवाज बदलला. "बाळा, ये रे. ये माझ्या सोन्या." दोन वर्षांत मी त्यांना जावयाला तोंडावर अरेतुरे करताना ऐकलं नव्हतं.

त्या उठून बसल्या. चेहऱ्याला माती, ओठ पांढरे. "मिरवायची हौस मला," त्या म्हणाल्या. "त्या बापड्याला काय करायचंय इंटरनेट? त्याच्या जिवावर मी मिरवलं गं."

तंत्रज्ञाची पुढच्या घरची वेळ केव्हाच टळली होती. त्यानं जॅकेट काढलं, मावशींचं कुदळ-फावडं घेतलं आणि वळणाच्या जागी, गुलाबाच्या वाफ्यात, खणायला लागला. परवानगीचं नावही काढलं नाही.

फूटभर खणून झालं असेल. मावशींच्या बोटातला दोरा हलला. मग सरसर पळायला लागला. अकरा मीटर. बारा. मी तळघराकडे धावले; तिथं कुणी नाही. वर मावशी ओरडत होत्या, "चौदा! सोळा! अगं, कुठं चाललाय हा?"

आणि भिंतीपलीकडून हेर नाखबारांची किंकाळी आली.

त्या जुन्या नळीला दोन फाटे होते. एक आमच्याकडे, दुसरा त्यांच्याकडे. कुणालाच माहीत नव्हतं.

नऊ वर्षांनी मावशींनी त्यांची घंटा वाजवली. दार उघडलं. हेर नाखबार तोंडावर हात धरून उभे. "माझे दा... त्यानं माझे..." जर्मन भाषेत 'दात' हा शब्द दातांशिवाय नीट म्हणता येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. ते तळघरात आगगाडीची छोटी मॉडेलं बनवत बसले होते. दुखतात म्हणून खालची कवळी काढून पेल्यात ठेवलेली. भिंतीतून एक प्राणी आला, पेल्यात डोकं घातलं, आणि कवळी घेऊन कपाटाखाली गेला.

मावशी गुडघ्यांवर बसल्या, खांद्यापर्यंत हात कपाटाखाली घातला आणि थांबल्या. त्यांचे डोळे भरून आले. "गरम आहे," त्या म्हणाल्या. "झोपलाय."

जावई बाहेर आला तो कवळीभोवती वेटोळं घालून, गाढ. मावशींनी त्याचं पोट, पाय, हिरड्या, सगळं चाचपलं, आणि त्याला माझ्याकडे दिलं. मग कवळी उचलली. उजेडात धरली. फिरवली. अंगठा कडेवरून नेला. माणसं पुस्तक वाचतात तशी त्यांनी ती वाचली.

"हे कुणी केलं?" त्यांनी अत्यंत कठोरपणे विचारलं.

हेर नाखबार तोंडावर हात धरूनच गोंधळले.

"इथं टोचतं. जिभेच्या बाजूला. आणि चावताना उजवीकडं उचललं जातं. बरोबर?"

त्यांनी मान हलवली.

"किती वर्षं?"

त्यांनी दोन्ही हातांची बोटं वर केली. दहा.

मावशींनी कवळी मुठीत घेतली. "दहा वर्षं तुम्ही हे तोंडात घेऊन फिरताय? आणि मला वाटलं तुमचा स्वभावच तसा." मग त्या उठल्या. "कायद्यानं मला तुमच्या तोंडात बोट घालता येत न्हाई. पण दात आता माझ्या हातात आहेत. उद्या चार वाजता परत मिळतील."

नळीचं पुढे असं झालं, की दोरा हेर नाखबारांच्या तळघरात निघाला होता आणि तंत्रज्ञाला तेवढंच पुरे होतं. त्यानं दोऱ्याला जाड दोरी, दोरीला तार बांधून ती तिथूनच ओढली, मधल्या भिंतीला एक भोक पाडलं, आणि अहवालात 'काम यशस्वी' लिहून, कुणीतरी विचारेल म्हणून, जावयाबरोबर स्वतःचा फोटो काढून घेतला.

कवळीला मात्र एक दिवस पुरला नाही. मावशींनी जुनं घासायचं यंत्र माळ्यावरून काढलं. घासायचं, हेर नाखबारांनी आरशासमोर घालून बघायचं, कुठं टोचतं ते कागदावर चित्र काढून कुंपणावरून द्यायचं, पुन्हा घासायचं. दोन आठवडे हे चाललं. पत्रव्यवहाराची सवय दोघांनाही होतीच.

सप्टेंबरातल्या एका रविवारी सकाळी आम्ही पायरीवर बसलो होतो. मावशींच्या मांडीवर तिघांची नखं कापायचा कार्यक्रम. पोटावर सॅमनचा थेंब टाकायचा, ते चाटत बसतात, तेवढ्यात कापायची. हेर नाखबार कुंपणापाशी आले. त्यांच्या बागेत सफरचंदाचं झाड आहे. इतकी वर्षं त्याची फळं ते शिजवून, लगदा करून खात, उरलेली पक्ष्यांना. त्यांनी एक तोडलं, शर्टाला पुसलं, आमच्याकडे बघत तोंडाशी नेलं आणि चावा घेतला.

कर्रकन आवाज झाला. बाग ओलांडून आमच्यापर्यंत आला.

मावशींच्या हातातली नखं कापायची कात्री थांबली. "नोखमाल," त्या म्हणाल्या. पुन्हा.

त्यांनी पुन्हा चावा घेतला. मोठा. रस हनुवटीवर ओघळला.

"चाळीस वर्षं दात केले," मावशी माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "डबीत घालायचे, वर नंबर टाकायचा, डॉक्टरकडं पाठवायचे. डबी परत आली तर समजायचं, चुकलं. न्हाई आली तर समजायचं, बसले. पण त्या दातांनी कुणी काय खाल्लं, ते कधी दिसलं न्हाई बघ. एकदा पण न्हाई."

हेर नाखबार खात राहिले. घाई नव्हती. दुपारच्या शांततेला अजून अवकाश होता. साल खाल्ली, गर खाल्ला, मधला टणक भाग बियांसकट खाल्ला. मावशी मान किंचित कलती करून ऐकत होत्या. शेवटी हेर नाखबारांच्या हातात नुसता देठ उरला. तो त्यांनी चिमटीत धरून, आम्हाला नीट दिसावा म्हणून, कुंपणाच्या वर उंच केला.